माझ्या नावावर चाललेली पावलं

माझ्या जागी माझा धाकटा भाऊ चालला आणि ती चाल माझीच म्हणून मी दवाखान्यात दिली. बाकीचं सांगण्याआधी हे सांगतो, कारण हे मागे ठेवलं तर पुढचं सगळं खोटं ठरेल. माझ्या या लबाडीमुळे दोन महिने माझे उपचार चुकीच्या समजुतीवर चालले आणि माझ्या बायकोचा उजवा हात मनगटात मोडला.

मी आष्टी तालुक्यातल्या एका गावात, हायस्कूलमध्ये खेळाचा शिक्षक आहे. खूप वर्षांपूर्वी तालुक्याच्या खो-खो सामन्यात समोरच्या संघानं एका मुलाच्या नावावर दुसराच मुलगा उतरवला होता. मी पंचांपुढे उभा राहिलो आणि तो संघ बाद करायला लावला. "नाव एकाचं आणि पाय दुसऱ्याचे, हे चालायचं नाही," असं मी भर मैदानात ओरडून सांगितलं होतं. आजारपणात हे वाक्य मला फार वेळा आठवलं.

ज्यांना नुकताच असा आजार निघालाय आणि जे तो घरच्यांसमोर कबूल करायला तयार नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गोळ्यांची नावं लिहिणार नाही. ती तुमच्या डॉक्टरांना विचारा.

हात हलत नाही

सव्वीस जानेवारीच्या संचलनाचा सराव चालू होता. मी पुढे चालून दाखवत होतो आणि मागं बघून ओरडत होतो, "हात खांद्यापर्यंत! हात मेल्यासारखे सोडू नका!" नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, तुमचाच उजवा हात हलंना की." सगळी रांग हसली. मीही हसलो. मग वळून मुद्दाम चालून पाहिलं. डावा हात आपोआप पुढं-मागं जात होता. उजवा अंगाला चिकटून होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

नगरच्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरांनी मला चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, एक ओळ लिहायला लावली. ओळीच्या शेवटी माझं अक्षर मुंगीएवढं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "पार्किन्सन्स. आपल्याकडे कंपवात म्हणतात."

मी म्हणालो, "पण माझं काहीच कापत नाही."

"सगळ्यांचं कापत नाही. काहींचं शरीर नुसतं मंद होतं, ताठरतं."

सुरेखा, माझी बायको, शेजारी बसली होती. तिनं एकच विचारलं, "ह्यात माणूस जगतो ना?" डॉक्टर म्हणाले, "चांगली खूप वर्षं. फक्त गोळ्यांची वेळ चुकवायची नाही आणि जे होतंय ते खरं खरं सांगायचं." पहिली अट मी पाळली.

बाहेर बाकावर जामखेडकडचे एक आजोबा बसले होते. त्यांचा हात गुडघ्यावर सारखा थरथरत होता. त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, तुमचं कापतंय का अडतंय?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

"मंग हितं काय देवदर्शनाला आलाव?"

सुरेखा तोंडाला पदर लावून हसली. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

दार

गोळ्यांनी मी बराच मोकळा झालो. पाच-सहा महिने असे गेले, की आजार आहे हेच विसरायला झालं. मग दार सुरू झालं.

आमच्या घरात मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात जायला एक अरुंद दार आहे. त्या दाराशी आलो की माझे पाय जमिनीला चिकटायचे. मोकळ्या अंगणात चालायचो, मैदानावर चालायचो, पण तिथं आलो की पावलं जागच्या जागी थरथरायची आणि वरचं अंग पुढं जायचं. बहुतेक वेळा हे चारच्या गोळीच्या आधी व्हायचं. काही क्षणांनी पाय सुटायचे. मी चौकट धरून उभा राहायचो आणि काहीतरी विसरल्याचं सोंग करायचो.

सुरेखा म्हणायची, "आवो, दारात पाय अडतोय तुमचा. रोज बघती मी."

"चप्पल घसरली."

"घरात कुठं चप्पल घालताव तुमी?"

तिनं मोबाइलवर चित्रण करून पाहिलं. पण ती मोबाइल धरून समोर उभी राहिली, की माझे पाय संचलनाला निघाल्यासारखे उचलले जायचे. दवाखान्यातही तेच. रुंद कॉरिडॉर, समोर डॉक्टर, गोळी घेऊन झालेला तास. मी असा चालायचो, की बाकावरची माणसं बघत राहायची. नंतर कळलं की या आजारात असं होतंच. कुणी बघतंय म्हटलं की पाय शहाणे होतात.

तपासणीच्या वेळी सुरेखानं सांगितलं, "डॉक्टरसाहेब, घरी दारात ह्यांचे पाय खिळत्यात. पडतील एखाद्या दिवशी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला शाळा दिसली. पाय अडतात असं कागदावर आलं, तर मुख्याध्यापक मैदान काढून घेतील आणि ग्रंथालयाची किल्ली हातात देतील, असं मला वाटलं. मी म्हणालो, "हिचं काय ऐकता डॉक्टर? हिला वाढवून सांगायची खोड आहे. खोटं बोलतेय ती."

दार अर्धं उघडं होतं. बाहेरच्या बाकावरच्या माणसांनी माना वळवल्या. सुरेखानं पदर सावरला. परतीच्या एसटीत आष्टीचा फाटा आला तेव्हा तिनं माझी पिशवी उचलली आणि पुढं चालू लागली, मला उतरताना हात न देता.

काडेपेटीएवढे कॅमेरे

त्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, "तुम्ही दोघं दोन सांगताय. गोळी उगाच वाढवली तर तिचेही त्रास असतात. तुमची चाल घरीच बघू."

त्यासाठी मुक्ता नावाची एक अभियंता मुलगी आमच्या घरी आली. तिच्याकडे एक पेटी होती आणि पेटीत काडेपेटीएवढे कॅमेरे लावलेले पट्टे. मनगटाला, दंडाला, मांडीला, पोटरीला, कमरेला आणि छातीला एकेक बांधायचा. मला वाटलं होतं कॅमेरे माझ्याकडे बघणार. पण ते सगळे बाहेर बघत होते.

तिनं आधी घराचे आणि अंगणाचे शेकडो फोटो काढले. मग समजावून सांगितलं, "सर, एसटीच्या खिडकीतून झाडं मागं पळताना दिसतात. खरं तर झाडं जागेवर असतात, आपण पळतो. तसंच आहे. घर जागेवर आहे. पायावरच्या कॅमेऱ्याला भिंत कशी सरकताना दिसली, यावरून संगणक पाय कसा हलला ते काढतो. मग पडद्यावर तुमच्यासारखा एक काड्यांचा माणूस चालायला लागतो. मूळ चित्रं आम्ही बघत नाही. तुमचं खासगी घर आहे. तसं लिहून दिलंय."

मी तिला विचारलं, "हेच दवाखान्यात का नाही करत?"

"दवाखान्यात तुमचं स्वयंपाकघराचं दार कुठंय?" ती म्हणाली. "आणि मीही इथं थांबणार नाही. कुणी बघत असलं की चाल बदलते. तीन तासांनी येते."

सुरेखा बचत गटाच्या बैठकीला गेली होती. मुक्ता गावात निघून गेली. अर्धा तास मी पट्टे घालून घरात फिरलो. दोनदा दाराशी अडलो. दुसऱ्यांदा अडलो तेव्हा पोटरीवरच्या कॅमेऱ्याकडे माझी नजर गेली. शाळेत कागद येणार, हेच डोळ्यांपुढं आलं.

तेवढ्यात महारुद्र आला. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान, खताचं दुकान चालवतो. आमचं दोघांचं माप एकच. लग्नातले सदरेसुद्धा एकाच मापाचे शिवले होते.

"महारुद्र, हे पट्टे घाल आणि दोन तास फिर. घरात, अंगणात. सरळ चाल."

"मी कावून घालू? तपासणी तुझी हाय का माझी?"

"तुझं-माझं एकच आहे."

"दादा, चालणं कुटं एक असतंय?" तो म्हणाला. पण मोठ्या भावाला नाही म्हणायची त्याला सवय नाही. त्यानं पट्टे बांधले. मी कडुनिंबाखाली निळ्या खुर्चीत बसून त्याला सूचना देत राहिलो, मैदानावर देतो तशा. मुक्ता यायच्या आधी पट्टे परत माझ्या अंगावर होते.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पडद्यावर काड्यांचा माणूस दाखवला. "सुरुवातीला थोडं अवघडलेपण दिसतंय. नंतर मात्र चाल फारच मोकळी आहे. दारातूनही सहज जाता. गोळी आहे तशीच राहू द्या." मग ते सुरेखाला मऊ आवाजात म्हणाले, "काळजी असली की आपल्याला जास्त दिसतं, ताई. होतं असं."

सुरेखा त्या काड्यांच्या माणसाकडे बघत राहिली. मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

मनगट

एका दुपारी, चारच्या थोडं आधी, मी चहाचा कप ठेवायला स्वयंपाकघराकडे निघालो आणि दाराशी खिळलो. वरचं अंग पुढं झुकलं. सुरेखा चुलीशी होती. ती धावत आली आणि मला समोरून धरायला गेली. मी सगळ्या वजनानिशी तिच्यावर पडलो. तिनं जमिनीला हात टेकला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. कप मात्र फुटला नव्हता.

ती रडली नाही. म्हणाली, "तुमाला लागलं का?"

मला काहीच लागलं नव्हतं.

सहा आठवडे प्लास्टर. भाकरी थापायचा हात तो. शेजारच्या घरातून भाकरी येऊ लागल्या. मी भाजी चिरायचो, वाकडीतिकडी. तिचे केस विंचरून वेणी घालायचो. माझ्या ताठ बोटांनी घातलेली वेणी आरशात बघून ती म्हणाली, "ही येणी न्हाई, खो-खोचा खांब हाय." असं काही बोलली की मला वाटायचं आता सांगून टाकावं. घशापर्यंत यायचं आणि तिथंच अडायचं. पाय अडतात ते औषधानं सुटतात. याला औषध नव्हतं.

महारुद्र तिला बघायला आला आणि तिच्या समोर बसूच शकला नाही. अंगणात मला म्हणाला, "दादा, सांगून टाक. न्हाईतर मी सांगतो. मला घास गिळंना." तो नारायणगडाच्या देवाला नारळ फोडून आला होता. चूक माझी होती आणि नारळ तो फोडत होता.

मग मुक्ताचा फोन आला. पडल्याचं डॉक्टरांना कळवलं होतं आणि त्याचा नोंदीशी मेळ बसत नव्हता. "सर, नोंदीत काही बिघाड झालाय का, ते बघायला मूळ चित्रं उघडावी लागतील. त्याला तुमची परवानगी लागते."

"आणि नाही दिली तर?"

"तर नाही उघडणार. बहुतेक चूक आमच्या यंत्राचीच असेल. मी तसं लिहून टाकीन."

म्हणजे आता ती मुलगीही माझ्या खोट्याची जबाबदारी स्वतःवर घेणार होती. स्वयंपाकघरात सुरेखा शेजारून आलेली भाकरी गरम करताना डाव्या हातानं तव्यावर उलटायचा प्रयत्न करत होती. मी म्हणालो, "उघडा. आणि आम्ही दोघं येतो तेव्हा दाखवा."

हेसुद्धा धैर्य नव्हतं, हे मान्य करतो. मला तोंड उघडायचं नव्हतं, म्हणून ते काम मी कॅमेऱ्यावर टाकलं.

निळी खुर्ची

पडद्यावर आमचं अंगण हलत होतं. चालणाऱ्याच्या छातीवरून घेतलेलं चित्र. तुळस, पाण्याची टाकी, कडुनिंब. आणि कडुनिंबाखाली, निळ्या खुर्चीत, बशीतून चहा पिणारा माणूस.

डॉक्टर म्हणाले, "हे कोण?"

सुरेखा पुढं झुकली. "हे तर हेच हायेत." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "मंग चालतंय कोण?"

चित्रात मी हात वर करून कुणाला तरी ताठ चालायची खूण करत होतो. तोंडभर हसत होतो. मी म्हणालो, "महारुद्र." 

मुक्तानं चित्र थांबवलं. मला वाटलं डॉक्टर हाकलून देतील. ते चष्मा पुसत म्हणाले, "मास्तर, तुम्ही परीक्षेला दुसरा बसवलात. तो पहिल्या श्रेणीत पास झाला. त्याला कसल्याही गोळीची गरज नाही. आता तुमचं काय करायचं ते सांगा."

"पुन्हा घ्या," मी म्हणालो.

बाहेर पडल्यावर सुरेखा पायरीवर थांबली. मला वाटलं ओरडेल. ती हळूच म्हणाली, "दोन म्हैने मला वाटत व्हतं, माझ्याच डोळ्याला काय झालंय का."

मी तिला तेव्हाही नुसतं "चल" म्हणालो.

काड्यांचा माणूस

दुसऱ्या वेळी पट्टे माझ्याच अंगावर राहिले. नंतर पडद्यावर मी पहिल्यांदा मला चालताना पाहिलं. इतकी वर्षं मुलांच्या चाली सुधारल्या, स्वतःची कधी बघितली नव्हती. काड्यांचा माणूस उजवा हात न हलवता चालत आला, दाराशी पोहोचला आणि थांबला. गुडघे थरथरू लागले. धड पुढं, पावलं मागं. तीन तासांत हे नऊ वेळा झालं आणि त्यातल्या बहुतेक वेळा गोळीचा असर उतरताना.

बघून लाज वाटेल असं वाटलं होतं. पण छाती हलकी झाली. झाकायला काही उरलं नव्हतं. माझ्या शरीरात जे होत होतं ते दुसऱ्या माणसांनाही दिसत होतं, त्याला नाव होतं आणि त्यावर उपाय होता.

डॉक्टरांनी गोळ्यांमधलं अंतर कमी केलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, दाराच्या आधी जमिनीवर आडव्या रेघा आखा आणि एकेक रेघ ओलांडल्यासारखे पाय उचला. रेघ दिसली की पायाला वाट सापडते. मी हसलोच. ज्या माणसानं सारी नोकरी मैदानावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारण्यात घालवली, त्याला औषध म्हणून रेघाच मिळाल्या. मी शाळेतून फक्की आणायला निघालो तर सुरेखा म्हणाली, "घरात पांढरा धुराळा नगं. पट्टी चिटकवा." शेवटी डाव्या हातानं तिनंच पट्ट्या चिकटवल्या, मोजून सारख्या अंतरावर.

आणि तिनं आपला एक उपाय काढला. मी दाराशी अडलो की ती आतून ओरडते, "कदमताल!" मी जागच्या जागी गुडघे उचलतो आणि तिसऱ्या ठेक्याला आत. शेजारणी आधी घाबरायच्या. आता त्यांची पोरंसुद्धा ओरडतात.

शाळेत मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. मुख्याध्यापकांनी मैदान काढून घेतलं नाही. ते म्हणाले, "संचलनात पुढं चालू नका, बाजूला उभं राहून ओरडा. ओरडणं तर शाबूत आहे ना?" ज्या भीतीपायी मी एवढं केलं, ती दोन मिनिटांत संपली.

थांबलो ते

सहा महिन्यांनी तिसरी नोंद घेतली. पट्टे घालून मी घरात फिरत होतो. चारची गोळी घेतली होती, पाय मोकळे होते. सुरेखा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. हात भरून आला होता, फक्त थंडीत दुखतो. मी दाराशी आलो, पट्ट्या ओलांडल्या आणि उंबऱ्यावर उभा राहिलो. ती सवयीनं म्हणाली, "कदमताल!"

"अडलो नाही," मी म्हणालो. "तुझ्याशी बोलायचंय." आणि जे इतके महिने घशात होतं ते बोललो. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "करपंल. सरका." छातीवरच्या कॅमेऱ्यात हे सगळं आलं असणार. त्यात मी नसेन. तिचा चेहरा असेल.

महिन्याभरानं आम्ही नगरला गेलो. तीच खोली, अर्धं उघडं दार, बाहेर भरलेला बाक. काड्यांचा माणूस झकास चालत होता. उजवा हातसुद्धा थोडा हलत होता. मग तो दाराशी आला आणि थांबला. बराच वेळ थांबला.

डॉक्टर पुढं झुकले. "इथे अडलात?"

मुक्ता म्हणाली, "पण गुडघे थरथरत नाहीयेत."

"नाही डॉक्टर," मी म्हणालो. "इथं मी मुद्दाम थांबलो होतो."

"कशासाठी?"

सुरेखा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ना आता. घरात बोललाव, झालं."

पण तिला खोटी ठरवलं होतं ते घरात नाही, याच खोलीत, बाहेरच्यांना ऐकू जाईल असं. मी खुर्चीवरून उठलो आणि तेवढ्याच आवाजात बोललो.

"सुरेखा, तू इथं खरं सांगत होतीस आणि मी तुला चार माणसांत खोटी म्हणालो. माझे पाय अडत होते. मी महारुद्राला चालायला लावलं आणि हात तुझा मोडला. खोटं मी बोललो. मला माफ कर."